पाण्यातलं पाण्यात, चिखलातलं चिखलात

दहिवलीत माझ्या खिडकीमागे अजून एक खाचर शिल्लक आहे. चहूबाजूंनी इमारती उठल्या, मधे हे एवढंसं भातशेत. आषाढात तिथे चिखलणी सुरू झाली की मी खिडकी लावून घेते. शेजारच्या बाई म्हणतात, "अहो, मातीचा वास किती छान येतो, तुम्ही खिडकी काय लावता?" मी म्हणते, डास येतात. साफ खोटं. डासांना मी भीत नाही. त्या ढवळलेल्या चिखलाच्या वासाला भिते. तो नाकात शिरला की माझे तळहात ओले होतात, आणि सत्तरी ओलांडलेली ही बाई पुन्हा चौदा वर्षांची होऊन फळीवर उभी राहते.

फळी म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. नांगरून झाल्यावर खाचरातला चिखल सपाट करायचा, नाहीतर पाणी एकीकडे साचतं आणि रोपं दुसरीकडे सुकतात. त्यासाठी एक लांब, जाड लाकडी फळी बैलांच्या मागे बांधायची आणि तिच्यावर माणसाने उभं राहायचं. बैल ओढतात, फळी चिखलावरून घसरत जाते, मागे आरशासारखी जमीन. हातात कासरा, म्हणजे बैलांचा दोर. धरायला दुसरं काहीच नाही. पाय निसटला की तोंड चिखलात.

आमच्या पळसदरीत पोरी आवण, म्हणजे भाताची रोपं, काढायच्या, लावणीला वाकायच्या. फळीवर कोणी उभी राहत नसे. पण बा ला मुलगा नव्हता आणि मला वजन नव्हतं. "वजन नाय म्हंजे फळी रुतत नाय," तो म्हणायचा. गावाचं तोंड बंद करायला काहीतरी कारण हवं, ते त्याने असं काढलं होतं. खरं कारण मला माहीत होतं. त्याला मला शिकवायला आवडायचं.

बैलांच्या बाबतीत माझ्या बा चा हात धरणारा माणूस आमच्या बाजूला नव्हता. नवं खोंड पहिल्यांदा जुवाखाली घालायचं असलं की कोंडाण्यापासून खालापूरपर्यंतची माणसं त्याच्याकडे येत. मारकं, बिथरलेलं, लाथा झाडणारं खोंड असो, हा त्याच्या मानेवर हात ठेवून कानाशी काहीतरी पुटपुटायचा आणि कासरा असा धरायचा की चार दिवसांत ते शहाण्यासारखं चालू लागे. याचे पैसे घेत नसे. एक नारळ आणि एक वेळचं जेवण. परत येताना मात्र असा ऐटीत यायचा, जसं काही गावची पाटीलकी मिळाली!

त्याचा नियम एकच. "मंजे, पडलीस तर पड. तोंड फुटलं तर फुटू दे. पन कासरा सोडायचा नाय गं. तू सोडलास की बैलाला वाटतं, मागं कोनी नाय. मंग तो आपला राहत नाय." तो मला लाडात आला की मुलासारखं बोलायचा, सोडलास, केलास. मी पडायचे, बैल मला चार हात फरफटत न्यायचे, नाकातोंडात चिखल, पण मूठ मिटलेली. उठले की बा हसायचा. आई बांधावरून ओरडायची, "माराल पोरीला एक दिवस!"

त्या आषाढात पळसदरीचं धरण लवकर भरलं. साठ-बासष्टच्या सुमाराची गोष्ट. मुंबईचे लोक तेव्हा आजच्यासारखे झुंडीने येत नसत. एका रविवारी दातारसाहेब म्हणून गिरणीतले एक इंजिनिअर मोटारीमागे गाड्यावर बोट बांधून आले. बोट त्यांनी स्वतः बांधलेली, मागे यंत्र लावलेलं. धरणाच्या वाटेवर गाड्याचं चाक चिखलात रुतलं ते रुतलंच. बा ने बैल सोडून आणले, एक हाक दिली, आणि बोट वर. साहेब इतके खूश झाले की त्यांनी बा ला बोटीत बसवून धरणाची एक फेरी मारली. आयुष्यभर ज्या पाण्यात म्हशी धुतल्या, त्याच पाण्यावरून माझा बा धोतर आवरत, डोळे मिटून, देवाचं नाव घेत फिरून आला.

मग साहेबांनी बोटीमागे दोर बांधला आणि एक रुंद, गुळगुळीत लाकडी फळी पाण्यात सोडली. त्यांचा एक मित्र तिच्यावर उभा राहायचा प्रयत्न करू लागला. बोट वेगात गेली की मागे पाण्याला नांगराच्या वरंब्यासारखी एक उंच कड पडायची. त्या कडेवर फळी ठेवून तोल सांभाळायचा, असा तो खेळ. मित्र पाच वेळा उठला, पाच वेळा पडला. बा काठावर पोट धरून हसत होता. हसता हसता म्हणाला, "आमची मंजी उभी ऱ्हाईल सायेब."

मी दोन पावलं मागे सरले. पण त्याने माझ्याकडे असं पाहिलं की नाही म्हणायची सोय राहिली नाही.

साहेबांच्या बाईही सोबत होत्या, म्हणून आईने फार आरडाओरडा केला नाही. परकराचा काष्टा मारला, बाईंनी माझ्या कमरेला मोटारीच्या चाकातली फुगवलेली ट्यूब बांधली. साहेब म्हणाले, "घाबरू नकोस. पाण्यात बस, टाचा फळीवर ठेव, दोराचा दांडा घट्ट धर. उठायची घाई करायची नाही, बोट उठवेल. आणि पडलीस की लगेच दोर सोड. हे सगळ्यात महत्त्वाचं. पडलीस की सोड."

मी मान हलवली. बोटीने ओढ घेतली. मी उठायची घाई केली, पडले, आणि सोडला नाही.

कसा सोडणार! चार वर्षांची सवय होती ती. बोट पुढे, मी मागे पाण्याखाली, ट्यूब गळ्यापाशी, नाकातून धरण आत चाललेलं. वरून साहेबांची बोंब ऐकू येत होती, "सोड, अगं सोड!" आणि मला वाटत होतं, सोडला तर बोट उधळेल. बांधापलीकडे जाईल. काय हे वेड! त्यांनी यंत्र बंद केलं, मला बोटीत ओढून घेतलं, तेव्हाही दांडा माझ्या मुठीतच होता. बाईंनी एकेक बोट सोडवलं. तळहात सोलले होते. काठावर बा छाती काढून उभा होता. "बगितलंत? नाय सोडला पोरीनं!" साहेबांनी कपाळावर हात मारला.

दुसऱ्या वेळी तेच. तिसऱ्या वेळी तेच. शेवटी साहेब काठावर आले आणि बा ला म्हणाले, "अहो, ही पोर बुडेल एक दिवस. तिला तुम्हीच सांगा."

बा ने थोडा विचार केला. मग माझ्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "हे बग मंजे. पाण्यात सायबाचं ऐक. चिखलात माजं. पाण्यातलं पाण्यात, चिखलातलं चिखलात. कळलं का रं?"

कळलं, म्हटलं मी.

पुढचे पाच रविवार मी धरणावर होते. शेतातही तेव्हा ऐन घाई. सकाळी खाचरात फळी, दुपारी पाण्यावर फळी. सोडायला शिकणं हे उभं राहण्यापेक्षा अवघड निघालं. उभी तर मी दुसऱ्याच रविवारी राहिले. गुडघ्यात ढिली, कंबरेत ताठ, हे बा चं शिकवणं पाण्यावरही तंतोतंत लागू पडलं. पण पडताना मूठ उघडायची म्हणजे आतून कोणीतरी ओरडायचं. मी घरी पाण्याच्या हंड्याची दोरी धरून, डोळे मिटून, सोड म्हटलं की सोडायचं, असा सराव केला. आई म्हणे, पोरगी खुळावली. चौथ्या रविवारी हात आपोआप उघडू लागला. साहेब म्हणाले, "शाबास! आता शिकलीस."

आणि पाचवा रविवार. झिमझिम पाऊस, सोनगिरीच्या डोंगरावर ढग उतरलेले. मी बोटीमागच्या त्या पाण्याच्या कडेवर उभी राहिले ती पडलेच नाही. दोर हातात ढिला पडला, कड आपणच मला पुढे ढकलत होती. धरणाचा अर्धा वळसा. काठावर गावची दहाबारा माणसं, साहेबांची मंडळी टाळ्या वाजवत होती. बा मात्र टाळ्या वाजवत नव्हता. त्याने डोक्यावरचं इरलं काढून हातात धरलं होतं आणि पावसात उघड्या डोक्याने नुसता बघत उभा होता. माझ्यासारखी मीच, असं मला त्या क्षणी वाटलं. इतका गर्व मला पुढे कधीच झाला नाही. होऊ दिला नाही.

दोनच दिवसांनी, मंगळवारी, ते झालं.

आमच्याकडे एकच बैल होता, चांद्या. शेजारच्या धाकूकाकांकडे एक, मोऱ्या. दोघांची मिळून जोडी, एक दिवस आमच्या शेतात, एक दिवस त्यांच्या. याला सावड म्हणतात. सावडीचा एक न लिहिलेला कायदा होता. दुसऱ्याचा बैल आपल्या शेतात कामातून गेला, तर आपला बैल त्याच्या गोठ्यात नेऊन बांधायचा. त्यावर पंचायत बसत नसे, वाद होत नसे.

त्या दिवशी पाळी आमची होती. बा बांधाला पडलेली खांड मातीने बुजवत होता, माझ्याकडे पाठ करून. आई घरी भाकरी आणायला गेली होती. मी फळीवर, कासरा माझ्या हातात. शेवटचे दोन फेरे उरलेले. फळीचं टोक चिखलातल्या दगडाला अडकलं. मी पुढे झेपावले.

आणि माझा हात उघडला.

मी घाबरून सोडला नाही. दुखलं म्हणून सोडला नाही. धरणावर घोटवलं होतं तसा, सफाईने, पडता पडता सोडला. चिखलात पडल्यावर क्षणभर मला तर वाटलं, बरोबर केलं आपण. मग मान वर केली. बैल उधळले होते. मोकळी फळी मागे उडत त्यांच्या टाचांवर आपटत होती, जितकी आपटे तितके ते धावत. बांधावरून ओहोळात उतरताना मोऱ्याचा पुढचा पाय दगडांत अडकला. मोडल्याचा आवाज मला इतक्या लांबून ऐकू आला.

बा धावला. आधी बैलांकडे नाही, माझ्याकडे. मला उठवलं, तोंडावरचा चिखल पुसला, लागलं का विचारलं. मी म्हणाले, "बा, मी सोडला." त्याने माझ्या तोंडावर हात ठेवला. मातीचा, ओला हात. "गप. तू न्हवतीसच फळीवर. तू आवण काढीत व्हतीस. समाजलं? जा, तिकडं जा."

ओरडा ऐकून धाकूकाका धावत आले तेव्हा मी दूर राबाच्या वाफ्यात रोपं उपटत होते. बा ने त्यांना सांगितलं, "धाकू, हात सुटला रं माजा."

धाकूकाकांनी मोऱ्याकडे पाहिलं, मग बा कडे पाहिलं. तिन्हीसांजेला बा ने चांद्याला आंघोळ घातली, शिंगांना तेल लावलं आणि नेऊन त्यांच्या गोठ्यात बांधला. येताना कासरा तेवढा परत आणला.

त्याने असं का केलं, ते मला तेव्हाही कळत होतं. लग्नाच्या वयाला येत असलेली पोर. तिच्या हातून सावडीचा बैल गेला म्हटलं की ती वाईट पायाची ठरली असती. त्यात मुंबईवाल्यांच्या मागे परकर खोचून पाण्यावर नाचणारी. गाव काही कमी बोललं नसतं. पुढच्या रविवारी साहेब आले, धरणावरून भोंगा वाजवत राहिले. बा जाऊन सांगून आला, पोर आजारी हाय. साहेब पुढे दोनदा आले, मग यायचे बंद झाले.

मी दोन दिवस रडले. तिसऱ्या दिवशी जेवले. चौथ्या दिवशी शाळेत गेले. माणूस किती लवकर जेवतो, याची लाज वाटते.

त्यानंतर बा ला खोंड धरायला कोणी नेलं नाही, निदान मला तसंच दिसलं. नारळ यायचे बंद झाले. शेत वाट्याने दिलं आणि तो रेल्वेच्या रुळांवर खडी टाकायला जाऊ लागला. रस्त्यात कोणाचं खोंड अडलेलं दिसलं की तो मान वळवून भलतीकडे बघायचा. मी बघायचे त्याला तसं बघताना. एक शब्द मी बोलले असते तर! पण आधी भीती होती. मग मॅट्रिक आली. मग स्थळं येऊ लागली. सासऱ्यांनी गावात चौकशी केली, आणि मी सून म्हणून गेले तेव्हा सगळ्यांदेखत म्हणाले, "पोर चांगल्या पायाची आहे." मी वाकून नमस्कार केला. धरणीने पोटात घ्यावं म्हणतात ना, ती घेत नाही हो. सोयीने वागते.

मग मी मास्तरीण झाले. तीस वर्षं पोरं शिकवली. शाळेत मी कडक म्हणून प्रसिद्ध. फळा फुटला, शाई सांडली, कुणाची पाटी मोडली, त्यासाठी मी कधी मारलं नाही. पण लपवलं असेल तर सोडलं नाही. उभं करून विचारायचे, "केलंस ते केलंस. मग सांगितलं का नाहीस?" पोरं चळाचळा कापायची. घरी येऊन मी हात धुवायचे आणि आरशात बघायचे टाळायचे.

बा गेला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत तो विषय त्याने काढला नाही, मीही नाही. त्याच्या मागे खोलीत तो कासरा सापडला. गोठा कधीचाच पडला होता, पण कासऱ्याला तेल लावलेलं होतं.

गेल्या आषाढात मी खिडकी लावायला उठले आणि एकाएकी माझाच मला राग आला. किती वर्षं खिडक्या लावायच्या बाई? तशीच रिक्षा करून पळसदरीला गेले. धाकूकाका नाहीत आता, काशीकाकी आहेत. नव्वदीला टेकल्यात, ओटीवर बसून टाकळ्याची भाजी निवडत होत्या. मी समोर बसले आणि एका दमात सांगून टाकलं. कासरा मी सोडला होता. मोऱ्या माझ्यामुळे गेला.

काकींनी एक देठ मोडला. "ठावं हाय," त्या म्हणाल्या.

"कसं ठावं?"

"आमच्या यानी तुज्या बाचे हात बगितले त्याच येळी. दोन बैल कासरा हिसकून नेत्यात तवा तळवा सोलून निघतो गं. त्याचे तळवे धड. नुसती बांधाची माती. घरी येऊन हे म्हनले, पोरीनं सोडला, नि तो सोताच्या अंगावर घेतोय."

मी चिडून म्हणाले, "एवढं माहीत होतं तर त्याला पुन्हा खोंड धरायला बोलावलं का नाही कोणी? त्याचा जीव होता त्यात!"

काकींनी भाजी बाजूला ठेवली. "कोन बोलवीना? मोऱ्याच्या जागी आमी खोंड घेतला, तवा हे पयले त्याच्याच दारात गेले. कोंडाण्याची मान्सं आली, खालापूरची आली. तोच तुज्या माघारी त्यास्नी नाय म्हनायचा. हे म्हनले, रं, मला ठावं हाय तुजा हात नाय सुटला. तर म्हनला, ठावं आसंल तर तुज्यापाशी ठेव, धाकू. मी आज खोंड धरला नि नाय सुटला, तर लोकं इचारतील, मंग तवाच कसा सुटला? दोरी कुनाच्या हातात व्हती?" काकींनी पदराने डोळे टिपले. "पोरीचं लगीन व्हऊ दे म्हनला. मंग तुजं लगीन झालं. मंग म्हनला, सासरी कळंल. मंग हात थरथराया लागले."

मी तिथून उठले कशी, आठवत नाही. माझ्या गप्प बसण्याची किंमत त्याने एकदा मोजली असं मी समजत होते. तो ती दर वेळी मोजत होता, दारात आलेल्या प्रत्येक माणसाला नाही म्हणून. आणि रात्री मी त्याच्या समोर बसून भाकरी खात होते.

आमचं जुनं खाचर आता काकींचा नातू कसतो. तिशीचा बाप्या, दोन पोरांचा बाप. चिखलणी चालू होती. यंत्राने, बैल कुठले आता. मला बांधावर बघून त्याने हात केला. "बाई! लई दिसांनी! तुमचं बाबा म्हंजे मोठा मानूस व्हता म्हनं. सगळी सांगत्यात, बैल धरनारा तसा पुन्हा नाय झाला. पन एकदा हात सुटला नि मंग त्यानं धसकाच घेतला."

"नाय रं," मी म्हणाले. तीस वर्षं शाळेत शुद्ध बोललेली बाई मी. "त्याचा हात कवाच नाय सुटला. मी सोडला. मी व्हते फळीवर."

त्याने यंत्र बंद केलं. अचानक सगळीकडे शांत झालं, फक्त बांधाच्या खांडीतून पाणी पडत होतं. तो गुडघाभर चिखलात उभा, माझ्याकडे बघत. त्याच्या आवाजात राग नव्हता, कुचेष्टा नव्हती. त्याला खरंच कळत नव्हतं म्हणून त्याने विचारलं.

"मंग सांगितलं का नाय बाई?"

माझ्या वर्गातली पोरं जशी उभी राहायची, तशी मी बांधावर मान खाली घालून उभी राहिले.